पिंक, चुना आणि हावडा पूल

परवा पुन्हा तो फोटो मोबाइलवर आला. कोलकात्याच्या हावडा पुलाचं पिंकांनी लाल झालेलं बूड आणि खाली ओळ: ‘गुटख्यातलं ॲसिड पूल खातंय’. पूल झिजतोय हे खरं. १९४३ साली सुरू झालेल्या या पुलाचा रस्ता वरच्या सांगाड्याला ७८ पोलादी हँगरनी (उभ्या टांगदांड्यांनी) टांगलेला आहे. त्यांच्या बुडाशी बसवलेल्या संरक्षक पत्र्याची जाडी २००७ नंतरच्या तीनेक वर्षांत ६ मिलिमीटरवरून ३ च्या आत आल्याचं २०१० साली उघड झालं.

पण ॲसिड कुठून आणलं? पानाला आणि तंबाखूला चुना लावतात. तो तर अल्कली, म्हणजे ॲसिडच्या उलट. चुन्याच्या निवळीत खिळा बुडवून ठेवा, चटकन गंजत नाही. काँक्रीटमधली सळईसुद्धा याच गुणावर टिकते.

गोम पुढे आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याचा खडू करून टाकतो आणि चुन्याची राखण संपते. उरतात लाळेतले नि तंबाखूतले क्षार, त्यातही क्लोराइड, आणि ओल धरून ठेवणारा सुपारी-काथाचा चोथा. अशा चिकट थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर पोचतो, मध्यावर पोचत नाही. झाली बॅटरी तयार! मध्यातलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं (ॲनोड), ते इलेक्ट्रॉन धातूतूनच कडेला जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी मिळून हायड्रॉक्सिल आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बनतात (कॅथोड). विरघळलेल्या लोखंडाचे आयन आणि हे हायड्रॉक्सिल आयन मधल्या वाटेवर भेटतात, म्हणून गंजाचं कडं तिथे दिसतं आणि खड्डा मात्र मध्यभागी पडतो. केंब्रिजचे गंज-संशोधक युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबावर हे दाखवलं होतं. क्लोराइड आयन त्या खड्ड्याकडे ओढले जातात, आणि तिथे लोखंडाच्या आयनांची पाण्याशी क्रिया होऊन खरोखरच आम्लता तयार होते. म्हणजे ॲसिड आहे, पण ते तोंडातून आलेलं नाही. खड्ड्यातच जन्मलेलं आहे.

आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या फरश्या लावतात. पिंक तिथून सरकून शेजारच्या रेलिंगवर पडते, आणि रेलिंग लोखंडी असतं.

कोलकात्यात पुढे बुडांना फायबरग्लासची आवरणं घातली. पिंक त्यांच्यावरही पडतेच, पण फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, त्यामुळे थेंबाखाली बॅटरी जुळत नाही. डाग तेवढे धुवावे लागतात.