१८ इंच, ३ काडतुसं, १० सुटे भाग

अमेरिकेत बेनेली एम४ ही इटालियन शॉटगन, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, घेतलेला हौशी माणूस पहिल्या काही आठवड्यांत काय करतो, ते पाहण्यासारखं असतं. इटलीहून आलेली मॅगझिनची, म्हणजे काडतुसं साठवायची, नळी तो काढतो आणि अमेरिकेत बनलेली बसवतो. नळीत काडतुसं मागे रेटणारा छोटा खुंट असतो, त्याला फॉलोअर म्हणतात, तोही बदलतो. मग दस्ता, मग पुढची मूठ. आणि हे करताना एका कागदावर बेरीज मांडत जातो : परदेशी भाग किती उरले? दहाच्या वर तर नाहीत ना? नेम, मारा, भरवसा यांचा या बेरजेशी काडीचा संबंध नाही. पण ती चुकली तर स्वतःच्याच घरी, स्वतःच्याच बंदुकीवर केलेलं काम गुन्ह्यात जमा होतं.

‘टॅक्टिकल’ शॉटगन म्हटलं की डोळ्यांसमोर रणांगण येतं. खंदक, दंगल, अंधाऱ्या जिन्यावरून वर चढणारं पोलीस पथक. यातलं प्रत्येकाने या बंदुकीला काही ना काही दिलं आहे, पण गेल्या सव्वाशे वर्षांचा हिशोब मांडला तर तिच्या अंगावरचा निम्मा साज पेटंटने, आयातकराने आणि कायद्याच्या कलमांनी चढवला आहे असं माझं मत आहे. पहिल्या दिवसापासून.

पहिला दिवस म्हणजे जॉन मोझेस ब्राउनिंग. युटामधल्या ऑग्डेनचा हा कारागीर वर्षानुवर्षं आपली डिझाइनं विंचेस्टर या बंदूक कंपनीला एकरकमी विकत आला होता. आपोआप पुढचं काडतूस भरणारी, म्हणजे अर्धस्वयंचलित, शॉटगन तयार झाली, तेव्हा मात्र त्याने विकल्या गेलेल्या प्रत्येक बंदुकीमागे वाटा मागितला. विंचेस्टरचे टी. जी. बेनेट नाही म्हणाले. ब्राउनिंग रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीकडे गेला. जानेवारी १९०२ मध्ये तिथल्या कचेरीत भेटीची वाट पाहत बसला असताना आतून बातमी आली की अध्यक्ष मार्सेलस हार्टली हृदयविकाराने गेले. मग तो थेट बोटीत बसला आणि बेल्जियममधल्या हेर्स्टालच्या एफएन कारखान्याला बंदूक देऊन आला. तीच ऑटो-५. पाठीला उंटासारखं मदार असल्यामुळे तिला अमेरिकेत ‘हंपबॅक’ म्हणत. १९९८ पर्यंत ती बनत राहिली.

बेल्जियमची बंदूक अमेरिकेत आणायची तर आयातकर भारी. म्हणून १९०५ पासून रेमिंग्टननेच परवान्यावर ती मॉडेल ११ या नावाने बनवायला घेतली. आणि विंचेस्टर? ब्राउनिंगच्या पेटंटला बगल देऊन स्वतःची बंदूक काढायला त्यांना १९११ उजाडलं. बोल्टला (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) मूठ लावून तो मागे खेचणं हेही पेटंटमध्ये होतं, म्हणून त्यांनी नळीवरच खरबरीत पट्टा दिला : नळी धरा आणि मागे ढकला. आत काडतूस अडकलं की लोक दस्ता जमिनीवर टेकवून, नळीचं तोंड स्वतःकडे असताना ती खाली दाबायचे. त्या बंदुकीला ‘विधवा करणारी’ असं टोपणनाव पडलं ते उगाच नाही. पेटंट टाळण्याच्या नादात काय होऊ शकतं याचं इतकं भयंकर उदाहरण बंदुकांच्या इतिहासात मला दुसरं ठाऊक नाही.

ऑटो-५ चालायची नळीच्या धक्क्यावर. बार उडाला की नळी आणि बोल्ट एकत्र मागे जात, मग नळी पुढे येई, बोल्ट मागून येताना नवं काडतूस उचली. मॅगझिनच्या नळीवर घर्षणाच्या कड्या असत. हलकं काडतूस वापरायचं तर कड्या एका क्रमाने, भारी वापरायचं तर दुसऱ्या. क्रम चुकला तर हलक्या काडतुसाला बोल्ट अर्ध्यातच थबके, किंवा भारी काडतुसाचा धक्का सगळा सांगाडा हादरवून टाके. बंदूक कामाप्रमाणे जुळवून घेणं हा प्रकार असा पहिल्याच मॉडेलमध्ये होता, फक्त त्यासाठी बाजारातून काही आणावं लागत नव्हतं.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने खंदकांसाठी निवडली ती मात्र विंचेस्टर १८९७, हाताने सरकवायची पंप. २० इंची नळी, तिच्यावर भोकं पाडलेला पत्रा, पुढे संगिनीची खुंटी. पत्रा कशासाठी, तर तापलेल्या नळीवर संगिनीच्या झटापटीत हात भाजू नये. सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने या बंदुकीविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला : हेग कराराने अनावश्यक वेदना देणारी शस्त्रं निषिद्ध आहेत, सबब ही बंद करा. अमेरिकेने तो फेटाळला. आज संगीन कुणी लावत नाही, तरी तो भोकांचा पत्रा हौशी लोक अजून विकत घेतात. शोभेपलीकडे त्याचा उपयोग नगण्य.

पुढच्या दोन तारखा सैन्याच्या नाहीत. २६ जून १९३४ रोजी अमेरिकेत नॅशनल फायरआर्म्स ॲक्टवर सही झाली. १८ इंचांहून आखूड नळीच्या शॉटगनवर नोंदणी आणि २०० डॉलरचा कर बसला; त्या काळी ही रक्कम चांगल्या बंदुकीच्या किमतीहून जास्त होती. दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांनी ही वेळ आणली होती. महिनाभरापूर्वीच पोलिसांच्या गोळीबारात मारला गेलेला दरोडेखोर क्लाइड बॅरो रेमिंग्टन ११ ची नळी आणि दस्ता कापून कोटाखाली बाळगायचा. आज दुकानात जी टॅक्टिकल शॉटगन दिसते तिची नळी बहुधा साडेअठरा इंच असते. ती लांबी कुठल्या चाचणीतून निघाली नाही. १८ ची रेघ आणि वर अर्ध्या इंचाचा सुरक्षित पदर, एवढंच.

दुसरी तारीख १९३५. दुष्काळाने बदकांची संख्या घसरली, तेव्हा स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनच काडतुसं चालतील असा नियम आला. पाच काडतुसांच्या ऑटो-५ मध्ये मॅगझिनच्या नळीत एक लाकडी दांडकं सरकवायचं, म्हणजे दोनच मावतात, तिसरं बार उडतो त्या मुख्य नळीत. त्या दांडक्याला प्लग म्हणतात. शिकारीला दांडकं आत, घराच्या रक्षणाला दांडकं बाहेर. मॅगझिनच्या लांबीशी खेळण्याची सवय अमेरिकी बंदूकधाऱ्याला बदकांनी लावली, म्हणा ना.

यानंतर बराच काळ पोलीस आणि सैन्य पंपवरच विसंबून राहिले, आणि त्यांचं चुकलंही नाही. पंपला काडतूस हलकं की भारी याची पर्वा नसते. हात सरकला की काम झालं. अपवाद होते. ब्रिटिशांनी मलायाच्या जंगलात ऑटो-५ वापरल्या. १९६३ मध्ये रेमिंग्टनची ११०० आली, बार उडाल्यावरचा वायू नळीतल्या छिद्रातून खेचून बोल्ट चालवणारी, खांद्याला मऊ. पण तिच्या वायूची गळती अडवायला रबराची एक बारीक कडी होती. ती चिरली की बंदूक रुसायची. अशा बंदुकीवर कुठला पोलीस अधिकारी आपला जीव टाकेल?

तरी एका पोलिसाने वेगळा विचार केला होता. सांता मोनिकाच्या पोलीस दलातल्या अल्फ्रेड क्राउचने अर्धस्वयंचलित शॉटगनचा सांगाडा दस्त्यात मागे ढकलून आखूड बंदूक कल्पिली. हाय स्टँडर्ड कंपनीने ती १९६० च्या दशकात मॉडेल १० म्हणून काढली, आणि पहिल्या आवृत्तीत टॉर्च चक्क अंगातच बसवलेला होता. बंदुकीवर दिवा हवा हे त्या माणसाने किती आधी ओळखलं! बाकी बंदूक अवघडच. रिकामं काडतूस गालाजवळून उजवीकडे उडायचं, त्यामुळे डावखुऱ्याला ती जवळजवळ निरुपयोगी.

दिव्याची गोष्ट नंतर बंदुकीच्या पुढच्या मुठीत शिरली, नेमाची गोष्ट ॲरिझोनात. नेमबाजीचे शिक्षक जेफ कूपर यांनी १९७६ मध्ये तिथल्या पॉलडनला गनसाइट ही नेमबाजीची शाळा काढली. शॉटगनला तोवर पुढच्या टोकाला एक पितळी मणी असायचा, उडत्या पक्ष्याला तेवढा पुरे. एकसंध गोळीच्या काडतुसाला मात्र नीट नेम लागतो. कूपर यांनी ‘घोस्ट रिंग’चा आग्रह धरला : मागे पातळ काठाचं मोठं कडं, डोळा त्यातून पाहताना ते पुसट होऊन जातं, नजर पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवर, राहते. दस्त्याच्या पुढे, सांगाड्याच्या कुशीला सहा जादा काडतुसं धरणारं ‘साइडसॅडल’ही याच पिढीत रुळलं. त्याचे स्क्रू जास्त पिळले तर सांगाड्याच्या भिंती किंचित दाबल्या जातात आणि बोल्ट जड चालतो. लोक मग तेल घालत बसतात. उपाय पाव फेरा स्क्रू ढिला करण्याचा.

इटलीत तोवर दोन वाटा फुटल्या होत्या. फ्रांकीची स्पास-१२, १९७९ ची, बटण दाबून अर्धस्वयंचलितची पंप होणारी. कारण अश्रुधुराच्या हलक्या काडतुसात यंत्रणा चालवण्याइतका जोर नसे. वजन चार किलोच्या वर, घडीच्या दस्त्याला आकडा. सिनेमावाल्यांनी डोक्यावर घेतली, वापरणाऱ्यांनी फारशी नाही. दुसरी वाट उर्बिनोच्या बेनेलीची. ब्रुनो चिवोलानी यांच्या रचनेत वायूचं छिद्रच नाही. बार उडाला की सगळी बंदूक मागे सरकते, बोल्टचा जड भाग जडत्वामुळे क्षणभर जागीच राहतो, मधली स्प्रिंग दबते आणि उलटून बोल्टला मागे फेकते. साधी, स्वच्छ, काजळी जवळजवळ नाही. पण यात एक मेख आहे. बंदूक मोकळेपणी मागे सरकली पाहिजे. तिच्यावर दिवा, साइडसॅडल, लांब मॅगझिन असं वजन टांगलं की ती कमी सरकते, आणि हलकं काडतूस अडकतं. म्हणजे सजवावी तितकी ही बंदूक नाराज होते.

१९९८ मध्ये पिकाटिनी आर्सेनल या लष्करी शस्त्रकेंद्राने अमेरिकी सैन्यासाठी नव्या अर्धस्वयंचलित शॉटगनची मागणी काढली, तेव्हा बेनेलीने आपली गाजलेली पद्धत बाजूला ठेवली. चेंबरच्या, म्हणजे काडतूस फुटतं त्या जागेच्या, जवळच दोन आखूड पिस्टन, वायूवर चालणारे, दाब स्वतःच जुळवून घेणारे. वर दुर्बीण किंवा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी काच) बसवायला पिकाटिनी रेल ही खाचांची पट्टी, जिचं लष्करी मानक १९९५ मध्येच ठरलं होतं. पाच नमुने ४ ऑगस्ट १९९८ ला ॲबरडीनच्या चाचणी मैदानावर पोचले. १९९९ मध्ये निवड झाली, मरीन कोअरच्या हाती ती एम१०१४ म्हणून गेली; हीच बेनेलीची एम४. अंगावर काहीही टांगा, ती चालते.

मरीनला मिळालं ते नागरिकाला मात्र मिळालं नाही, आणि इथे पुन्हा कायदा येतो. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने आयातीला ‘क्रीडेसाठी योग्य’ ही अट घातली होती. १९९० मध्ये ९२२-आर कलम आलं : जी बंदूक या अटीवर आयात होऊ शकत नाही, ती परदेशी भाग जोडून देशातही बनवता येणार नाही. नियमात वीस भागांची यादी दिली आणि त्यांतले दहापेक्षा जास्त परदेशी नकोत असं ठरलं. मग सप्टेंबर १९९४ चा कायदा : अर्धस्वयंचलित शॉटगनला आत-बाहेर सरकणारा दस्ता, पिस्तुली मूठ, पाचहून जास्त काडतुसांचं मॅगझिन, निघणारं मॅगझिन, यांतली कुठलीही दोन लक्षणं एकत्र असली की ती बाद. एम४ च्या लष्करी रूपात तीन होती. म्हणून नागरी एम४ स्थिर दस्ता आणि पाच काडतुसं घेऊन आली. तो कायदा १३ सप्टेंबर २००४ ला मुदत संपून गेला, आयातीची अट तशीच राहिली. जानेवारी २०११ मध्ये एटीएफ या बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने आयातीच्या शॉटगनवर अभ्यास काढून नकोशा लक्षणांची यादीच दिली : घडीचा दस्ता, पुढची पिस्तुली मूठ, ड्रम मॅगझिन, दहा पौंडांहून जास्त वजन. रेल नळीच्या वर चालेल, बाजूला किंवा खाली नको. हे तर्कशास्त्र मला अजून पूर्ण उलगडलेलं नाही.

अमेरिकेत या बंदुकीच्या सुट्या भागांची जी पेठ उभी राहिली तिचा मोठा हिस्सा याच बेरजेवर जगतो. अमेरिकी फॉलोअर आधीच्या फॉलोअरहून चांगला असेलच असं नाही. तो अमेरिकी आहे, बस. एक भाग कमी झाला.

पोलिसांचं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं होतं. २८ फेब्रुवारी १९९७ ला नॉर्थ हॉलिवूडमध्ये चिलखत घातलेल्या दोन बँक लुटारूंपुढे पोलिसांची पिस्तुलं आणि शॉटगन अपुऱ्या पडल्या, आणि गस्तीच्या गाड्यांत रायफली शिरल्या. शॉटगनची जिवंत प्रयोगशाळा तोवर थ्री-गन, म्हणजे पिस्तूल, रायफल आणि शॉटगन अशा तिन्हींच्या, स्पर्धांमध्ये हलली होती. तिथे घड्याळ चालू असताना एकेक काडतूस भरणं परवडत नाही. छातीवरच्या पट्ट्यावरून चार काडतुसं एका मुठीत उचलायची आणि दोन-दोन अशी अंगठ्याने रेटायची. त्यासाठी खालचं तोंड घासून रुंद करायचं, काडतूस उचलणाऱ्या पत्र्याच्या कडा गुळगुळीत करायच्या. नाहीतर तो पत्रा अंगठ्याचं कातडं पकडतो, आणि एकदा पकडलं की माणूस ते विसरत नाही.

नव्या बंदुका पाहिल्या की हे सगळं कारखान्यात पोचलेलं दिसतं. २०१४ च्या बेरेट्टा १३०१ टॅक्टिकलला बोल्टची मोठी मूठ आणि रुंद बटणं आधीपासूनच. मॉसबर्गच्या ९४० प्रो टॅक्टिकलच्या सांगाड्यात रेड डॉट बसवायची खाच कापूनच येते, भरण्याचं तोंडही रुंद केलेलं. आणि ती अमेरिकेतच बनत असल्याने मालकाला बेरीज मांडावी लागत नाही. एम४ वाला अजून मांडतो. काढलेले इटालियन भाग तो फेकत नाही, पिशवीत घालून खणात ठेवतो.