मोठ्या रायफलींचा धक्का: खांद्याने मोजलेला इतिहास

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत शिकारीच्या गप्पा निघाल्या की वाघ किती फुटी होता यावर तासभर वाद होतो, पण बार काढणाऱ्याच्या खांद्याचं काय झालं ते कोणी सांगत नाही, आणि मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे.

गणित न्यूटनचंच. गोळी आणि दारूचा वायू पुढे जातो, रायफल मागे येते. रायफलीचं वजन दुप्पट केलं की मागे येणारी ऊर्जा निम्मी होते, म्हणून काळ्या दारूच्या जमान्यात पहिला उपाय हाच, बंदूक जड करा. फोर बोर म्हणजे पाव पौंडाची शिशाची गोळी, तसली बंदूक वीसेक पौंडांची असायची, बरोबर उचलायला माणसं असायची म्हणून चालून जायचं. इंग्रज शिकारी सॅम्युअल बेकरची 'बेबी' नावाची बंदूक तर अर्ध्या पौंडाचा गोळा फेकायची आणि ती उडवायची त्याला स्वतःलाच धास्ती वाटायची, असं त्यानेच लिहून ठेवलंय! धक्का झेलायला बंदुकीच्या बुडाला लावायचे रबरी पॅड १८७० च्या दशकात आले.

मग १८९८ ला रिग्बी या बंदूक कंपनीने कॉर्डाइटवाली, म्हणजे बिनधुराच्या दारूची, .४५० नायट्रो एक्सप्रेस काढली (इथून पुढे बोर म्हणजे इंचातलं माप), गोळी हलकी पण वेग भयंकर, आणि दहा-अकरा पौंडांच्या डबल बॅरलने हत्ती पडायला लागला. फक्त आधी जो ढकलल्यासारखा धक्का होता तो आता फटक्यासारखा बसू लागला. आणि इथे आपला संबंध येतो. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोर बंद केला, कारण जुन्या फौजी मार्टिनी-हेन्री बंदुकांचा बोर तोच, त्या बंडखोरांकडे होत्या आणि दारूगोळा त्यांच्या हाती लागेल ही भीती. म्हणून मग .४६५, .४७०, .४७५ असले बोर पुढे आले, म्हणजे .४७० एवढी गाजली त्यात आपल्या बंडखोरांचाही वाटा आहे म्हणा ना. (.३०३ फौजी म्हणून बंद आणि म्हणून चंबळकडे लायसन्सवर .३१५, हा त्यातलाच प्रकार.)

आता .३०-०६ या नेहमीच्या शिकारी रायफलीचा धक्का साधारण २० फूट-पौंड (हे ऊर्जेचं माप) आणि .४७० चा साठीच्या घरात, पण नुसत्या आकड्याला अर्थ नाही, जाणवतो किती ते दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागावर आहे. दस्ता फार खाली उतरता असला की नळी वर उसळते आणि गाल फुटतो, बूड अरुंद असलं की सगळा मार एकाच जागी. लंडनचे कारागीर म्हणूनच शिंप्यासारखं गिऱ्हाइकाचं माप घ्यायचे. कॅलिफोर्नियाच्या वेदरबीने पुढे दस्त्याचा वरचा काठ पुढच्या बाजूला उतरता ठेवला, म्हणजे रायफल मागे येताना गालापासून सुटते. मस्त डोकं!

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषयच मिटला, पुढचे प्रयोग झाले ते बाहेर. तोफांवरून आलेला, नळीच्या तोंडावर बसवायचा मझल ब्रेक वायू बाजूला फेकतो आणि धक्का तिसरा हिस्सा ते निम्म्यापर्यंत कमी करतो, पण आवाज असा की आफ्रिकेतले बरेच व्यावसायिक शिकारी ब्रेकवाल्या पाहुण्याला बघून नाक मुरडतात, कारण खांदा वाचतो पाहुण्याचा आणि कान जातात बाजूला उभ्या असलेल्या ट्रॅकरचे, म्हणजे माग काढणाऱ्याचे.