टोनआर्मच्या आकड्यांमागचा इतिहास

जुना टर्नटेबल हाती आला की मॅन्युअलमधले आकडे शोधले जातात: ओव्हरहँग (सुई तबकडीच्या मध्याच्या किती पुढे जाते) इतके मिलिमीटर, ट्रॅकिंग फोर्स (सुईवरचा भार) इतके ग्रॅम. हे आकडे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणींवरची तोड म्हणून ठरले. टोनआर्म, म्हणजे सुई धरून तबकडीवर फिरणारा दांडा, कोणत्या काळातला आणि कोणत्या जातीच्या कार्ट्रिजसाठी (सुई बसवलेल्या, तिची हालचाल विजेत बदलणाऱ्या भागासाठी) बनवलेला, हे कळल्याशिवाय त्याच्या स्क्रूला हात लावू नये.

लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळात जुळणीचा फारसा प्रश्नच नव्हता. साउंडबॉक्सचा (सुईची कंपनं ध्वनीत बदलणाऱ्या डबीचा) शंभर ग्रॅमहून जास्त भार सुईवर असे. तबकडीत मुद्दाम घातलेली खरखरीत पूड पोलादी सुई घासून तिला खाचेचा आकार देई, म्हणून सुई दर बाजूला बदलायची. १९४८ साली कोलंबियाने विनाइलची ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली आणि हे चित्र पालटलं. खाच अरुंद झाली, विनाइल मऊ होतं आणि सुई आता कायमची होती. भार काही ग्रॅमवर आणावा लागला, म्हणजे आर्म तोलणं आलं, त्यासाठी मागे वजन, म्हणजे काउंटरवेट आलं.

भूमितीचा प्रश्न मात्र त्याहून जुना आहे. तबकडी कोरताना कटर सरळ रेषेत, त्रिज्येवरून सरकतो. वाजवताना आर्म एका खुंटीभोवती, म्हणजे पिव्हटभोवती, कमानीत फिरतो. त्यामुळे सुई खाचेच्या दिशेशी थोडी तिरकी राहते आणि त्यातून ध्वनीत विकृती येते. पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्येच यावर उपाय मांडला होता: सुई स्पिंडलच्या (तबकडीच्या मधल्या दांडीच्या) थोडी पुढे न्यायची, हे ओव्हरहँग, आणि डोकं आतल्या बाजूला वळवायचं, हा ऑफसेट कोन. मग सगळ्या तबकडीत दोन ठिकाणी चूक शून्य होते आणि बाकीच्या ठिकाणी थोडीच उरते.

ते दोन बिंदू नेमके कुठे ठेवायचे, यावर पुढची चाळीस वर्षं काम झालं. १९३८ मध्ये एरिक लॉफग्रेन यांनी कळीची गोष्ट दाखवली: नुसता कोन कमी करून भागत नाही, कोनाला त्रिज्येने भागून जे येतं ते कमी करायला हवं. कारण एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, तर आत ६० मिमी त्रिज्येवर फक्त २१. तिथे लहरी दाटीवाटीने बसतात आणि तोच कोन दुपटीहून जास्त त्रास देतो. १९४१ मध्ये बेरवाल्ड यांचं गणित त्याच उत्तरावर पोहोचलं. एलपीच्या मापांना ते लावलं की शून्य बिंदू ६६.० आणि १२०.९ मिमीवर येतात. १९६६ मध्ये स्टीव्हन्सन यांनी आतला बिंदू थेट शेवटच्या खाचेवर, ६०.३ मिमीवर नेला; त्यांचा दुसरा बिंदू ११७.४ वर येतो. तबकडीच्या बाजूच्या शेवटी वाद्यवृंद जोरात असेल तर हे सोयीचं, पण मधल्या मोठ्या पट्ट्यात विकृती वाढते.

बाजारातले प्रोट्रॅक्टर (सुई जुळवायचे छापील मापक) यांपैकी एका गणितावर छापलेले असतात आणि घोळ इथेच होतो. टेक्निक्स एसएल-१२०० मार्क २ हा टर्नटेबल घ्या. पिव्हट ते स्पिंडल २१५ मिमी, आर्मची परिणामी लांबी (पिव्हट ते सुई) २३०, ओव्हरहँग १५, ऑफसेट २२ अंश. ही मांडणी स्टीव्हन्सनच्या वळणाची आहे. त्यावर बेरवाल्डचा प्रोट्रॅक्टर ठेवून कार्ट्रिज हेडशेलमध्ये (आर्मच्या टोकाच्या डोक्यात) सरळच ठेवली, तर दोन्ही बिंदू एकदम कधीच जुळत नाहीत. बेरवाल्ड हवंच असेल तर ओव्हरहँग १७.८ मिमी करून कार्ट्रिज हेडशेलमध्ये पावणेदोन अंश आत वळवावी लागते. ती वाकडी दिसली तरी तीच बरोबर. जुळवताना कार्ट्रिजची बॉडी नव्हे, कँटिलिव्हर (सुई धरणारी बारीक दांडी) प्रोट्रॅक्टरच्या रेषेशी समांतर हवा. जुन्या कार्ट्रिजमध्ये दोन्ही एका रेषेत असतीलच असं नाही.

१९५९ मध्ये आलेला एसएमई ३०१२ हा आर्म यातला मोठा टप्पा. अॅलस्टर रॉबर्टसन-एकमन यांच्या या आर्मला सुरीच्या धारेसारखं बेअरिंग होतं, हेडशेल काढता-घालता येत असे, आणि ओव्हरहँग जुळवायला अख्खा पाया पुढेमागे सरकत असे. चार पिनांचं ते हेडशेल पुढे पुष्कळ कंपन्यांनी स्वीकारलं. आज अशा आर्ममध्ये एक चॅनेल येईनासा झाला, तर आधी त्या पिना आणि आतले स्प्रिंगचे संपर्क साफ करा. तारा पांढरी-निळी डावीकडच्या, लाल-हिरवी उजवीकडच्या.

ऑफसेट कोनासोबत एक उपद्रवही आला. खाचेचं घर्षण सुईला स्पर्शिकेच्या दिशेने ओढतं, पण ती ओढ पिव्हटमधून जात नाही, म्हणून आर्म आत ढकलला जातो. मोनोच्या जड भारात हे खपून गेलं. १९५७-५८ मध्ये स्टिरिओ एलपी आल्या आणि खाचेच्या दोन भिंतींवर दोन चॅनेल गेले, तेव्हा ते लपेना: आतल्या, म्हणजे डाव्या चॅनेलच्या भिंतीवर दाब वाढतो आणि उजव्या चॅनेलचा आवाज आधी फाटतो. यातून दोऱ्यावरचं वजन, स्प्रिंग, चुंबक असे अँटी-स्केटिंगचे, म्हणजे आर्मला उलट बाहेर ओढण्याचे, प्रकार निघाले. खाच नसलेल्या गुळगुळीत तबकडीवर हे जुळवण्याची पद्धत मला चुकीची वाटते. तिथे सुई टोकावर टेकते, भिंतींवर नाही. जोराचा भाग वाजवा. उजवीकडे फाटत असेल तर अँटी-स्केटिंग वाढवा, डावीकडे फाटत असेल तर कमी करा. ही ओढ ध्वनीच्या जोराप्रमाणे बदलत राहते, त्यामुळे एकच अचूक आकडा असू शकत नाही.

स्टिरिओमुळे सुईची उभी हालचालही मोजली जाऊ लागली आणि आर्मची उंची महत्त्वाची ठरली. मात्र २३० मिमीच्या आर्ममध्ये पिव्हट ४ मिमी उचलला तेव्हा कुठे सुईचा उभा कोन एक अंश बदलतो. जाड-पातळ तबकड्यांसाठी दर वेळी उंची बदलण्याची धडपड म्हणून फारशी फळत नाही. आर्म तबकडीला समांतर ठेवून सुरुवात करावी.

जुन्या आर्मचा भार लावताना अँटी-स्केटिंग शून्यावर ठेवा, आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत काउंटरवेट फिरवा, मग फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणून हवा तो भार दिसेपर्यंत दोन्ही एकत्र फिरवा. तरंगत असतानाच हलकी फुंकर मारा. आर्म दर वेळी एकाच जागी अडखळला तर बेअरिंगमध्ये दोष आहे किंवा आतल्या तारा ताठ झाल्या आहेत. काउंटरवेटच्या दांड्यातलं रबर वयाने मऊ होऊन मागचं टोक लोंबतं, तेव्हा कडीवरचा आकडा खोटा ठरतो. डिजिटल काट्यावर तपासा, तेही सुई तबकडीच्या उंचीवर असताना. भार बदलला की ओव्हरहँग पुन्हा पाहा.

आर्म आणि कार्ट्रिजची जोडी हा साठच्या दशकाचा वारसा. १९५९ ची ऑर्टोफोन एसपीयू जड हेडशेलसकट येई आणि चारेक ग्रॅमवर चाले. १९६४ ची शुअर व्ही१५ दीड ग्रॅमच्या आत. एकीला वजनदार आर्म हवा, दुसरीला हलका. जोडी आपोआप डोलू लागते त्या कंपनसंख्येचा (अनुनादाचा) हिशोब असा: आर्मचं परिणामी वजन, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज गुणिले कंप्लायन्स (सुईच्या टांगणीचा लवचिकपणा), त्याचं वर्गमूळ, आणि १५९ भागिले ते. उत्तर ८ ते १२ हर्ट्झमध्ये हवं. ११ ग्रॅमचा आर्म, ६ ची कार्ट्रिज, १ ग्रॅमचे स्क्रू, कंप्लायन्स १५: सुमारे ९.७, उत्तम. एकूण ३१ ग्रॅम आणि कंप्लायन्स ३० असेल तर ५.२ येतं, तबकडी थोडी वाकडी असली तरी वूफर लपलपतो. जपानी कार्ट्रिजचा कंप्लायन्स बहुधा १०० हर्ट्झवर मोजलेला असतो, तो दीड ते दोन पटीने वाढवूनच या हिशोबात घ्यावा.