चवथीची देणगी परदेशी कशी होते? थोडी पार्श्वभूमी

परदेशी देणगीचे नियम आता कडक झालेत, पण गोव्यातल्या सेवासंस्थांवर सरकारचं लक्ष आत्ताच आलंय असं नाही. पोर्तुगीज काळात देवळांच्या महाजनांसाठी, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्या पिढीजात सभासदांसाठी, १९३३ चा कायदा झाला, तो अजून चालतो, निराधारांसाठी सरकारी खातंही तेव्हाचंच. मुक्तीनंतर १८६० चा सोसायटी कायदा इथे लागू झाला आणि वृद्धाश्रम, बालवाडी, महिला मंडळ सगळे त्याखाली आले. सरकारी ग्रँट, मग ऑडिट, मग युसी (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला), हे चक्र सगळ्यांना माहीतच आहे. देखरेख मात्र बराच काळ कागदावरचीच. १९९१ ला मडगावात अनाथ मुलांच्या नावाने चाललेल्या घरातलं लैंगिक शोषण उघड झालं, १९९६ ला जन्मठेप झाली, आणि मुलांसाठी राज्याचा वेगळा कायदा यायला २००३ उजाडलं. म्हणजे नियम नकोतच असं म्हणायची सोय गोव्याला तरी नाही.

पण ग्रँट उशिरा येते आणि मध्ये पगार तर द्यावेच लागतात, तेव्हा आधार असतो तो बाहेर गेलेल्या गावच्या माणसांचा, आणि खरा गुंता इथेच आहे. परदेशी देणगीवरचा पहिला कायदा १९७६ चा, आणीबाणीतला, तेव्हा रोख मुख्यतः राजकारणातल्या पैशावर होता. १९८४ च्या दुरुस्तीने परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांना रजिस्ट्रेशन सक्तीचं झालं, २०१० च्या नव्या कायद्याने त्याला पाच वर्षांची मुदत लागली.

आता "परदेशी" कोण? लोकांना वाटतं पाउंडात आली की परदेशी, रुपयात आली की आपली. तसं नाहीये. चलन बघत नाहीत, देणाऱ्याचं नागरिकत्व बघतात. दुबईत वीस वर्षं काढलेला पण भारतीय पासपोर्टवाला आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, ते परदेशी नाहीत. आणि पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेला शेजारी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी येतो, फोंड्याच्या एटीएममधून काढलेले पाच हजार रुपये खजिनदाराच्या हातात ठेवतो, ते मात्र परदेशी. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) असलं तरी परदेशीच.

बाकी राज्यांत हा प्रश्न येतो तो थोड्यांना, इथे वाड्यावाड्यावर. कारण १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे मुक्तीच्या, आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. त्यात कोणी फक्त लिस्बनला जन्माची नोंद केलेली असते, पासपोर्ट काढलेलाच नसतो, तो स्वतःला भारतीयच म्हणतो, मग त्याची पावती कशी फाडायची? यावर दोन वकिलांचं एकमत मी तरी ऐकलेलं नाही.

२०२० च्या दुरुस्तीने दोर आणखी आवळला. परदेशी पैसा आधी दिल्लीच्या एकाच ठरलेल्या बँक शाखेत यायला हवा, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर, आणि मिळालेले पैसे दुसऱ्या संस्थेला द्यायला पूर्ण बंदी. पूर्वी मोठी संस्था रजिस्ट्रेशन सांभाळायची आणि गावातल्या छोट्यांना वाटून द्यायची, तो रस्ताच संपला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुरुस्ती योग्य ठरवली. त्यातला प्रशासकीय खर्च हा शब्द तर वेगळीच डोकेदुखी आहे, शाळेतल्या शिक्षकाचा पगार त्यात धरत नाहीत, पण गाडी चालवण्याचा खर्च धरतात, आता दिव्यांग मुलांना घरून आणणारी व्हॅन नसेल तर शिक्षक शिकवणार कोणाला? २०२२ मध्येच नातेवाईकांकडून न कळवता घेता येणाऱ्या रकमेची मर्यादा दहा लाख झाली, ती घरच्यांसाठी, संस्थेसाठी नाही, तरी लोक तीच बातमी पुढे करतात.

आमच्या ओळखीच्या एका खजिनदाराने आता पावती बुकात नावाच्या खाली पेनाने एक रेघ मारून "पासपोर्ट कुठला" असं लिहिलंय. गेल्या चवथीला एकाने ते वाचलं, हसला, आणि पैसे आईच्या नावावर लिहा म्हणाला. खजिनदाराने बुक मिटून ठेवलं.