हिमनदी मागे हटते म्हणजे बर्फ वर चढतो का?

"गंगोत्रीची हिमनदी मागे हटतेय" असं वाचलं की बर्फच उलटा डोंगराकडे सरकतोय असं वाटतं, फॉरवर्डमध्येही तेच फिरतं. तसं वाटणं साहजिक आहे, पण बर्फ कायम उताराकडेच येतो, स्वतःच्या वजनाने हळूहळू वाहतो आणि तळाशी पाणी असेल तर खडकावरून घसरतो सुद्धा. वरून जेवढा बर्फ येतो त्यापेक्षा जास्त खाली वितळला की फक्त हिमनदीच्या खालच्या टोकाची जागा वर जाते, बर्फ नाही.

स्वित्झर्लंडच्या ऱ्होन हिमनदीवर १८७४ पासून रंगवलेल्या दगडांच्या आडव्या रांगा मांडून हे मोजलंय, टोक मागे गेलं तरी दगड खालीच आले, आणि मधले दगड कडेच्यांच्या बरेच पुढे!

स्वतः बघायचं तर गोमुखाकडे, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या टोकाकडे, जाताना हिमनदीने पूर्वी टाकलेले ढिगारे नीट बघा, पिठासारख्या बारीक मातीपासून प्रचंड शिळांपर्यंत सगळं एकत्र कालवलेलं असतं, कारण वाहतं पाणी जसं जड-हलकं वेगळं करतं तसं बर्फ करत नाही, आणलेला सगळा माल टोकाशी वितळताना तिथेच टाकतो. काही दगडांवर घासल्याचे ओरखडेही दिसतात. बर्फ उलटा वर जात असता तर वरच्या कड्यांचे दगड इतक्या खाली आलेच नसते.