राखेच्या खडकातली घरे : तिएरादेंत्रोची भुयारी थडगी

कोलंबियाच्या दक्षिणेकडे अँडीज पर्वताच्या तीन रांगा उत्तरेकडे फुटत जातात. त्यांतल्या मधल्या रांगेच्या पूर्व उतारावर, कौका प्रांतात, तिएरादेंत्रो नावाचा खोल दऱ्यांचा आणि निमुळत्या सोंडांचा मुलूख आहे. पोपायान या वसाहतकालीन शहरापासून तो जेमतेम 100 किलोमीटरवर असला, तरी बसने तिथे पोहोचायला चार-पाच तास लागतात. रस्ता आधी ग्वानाकासच्या पारामोवर, म्हणजे तीन हजार मीटरहून उंच अशा थंड, धुकट आणि गवताळ माळावर चढतो, आणि मग वळणावळणांनी इन्सा या गावाकडे उतरतो. इन्सापासून थोड्या अंतरावर सान आंद्रेस दे पिसिम्बाला ही लहानशी वस्ती आहे आणि तिच्या भोवतालच्या डोंगरमाथ्यांवर, मका आणि कॉफीच्या शेतांच्या वर, जमिनीच्या पोटात खोदलेली दीड हजार वर्षांपूर्वीची थडगी आहेत. युनेस्कोने 1995 मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

थडगे म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तो एखादा चौथरा किंवा खड्डा. इथे मात्र जमिनीखाली अख्खी दालने आहेत. त्यांतले सर्वांत मोठे सुमारे 12 मीटर रुंद आहे. बहुतेक दालने जमिनीपासून पाच ते आठ मीटर खोल असून, त्यांच्यापर्यंत खडकातच कोरलेल्या पायऱ्यांनी उतरावे लागते. ही दालने इथेच का झाली, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर पायाखालच्या खडकात आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करायला हवी.

ज्वालामुखीतून केवळ लाव्हाच बाहेर पडतो असे नाही. मॅग्मामध्ये, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, वायू आणि पाण्याची वाफ भरपूर असली की उद्रेक स्फोटक होतो; मॅग्माच्या अक्षरशः चिंधड्या उडतात आणि काचेसारख्या कणांची राख, फेसाळ दगडाचे तुकडे व खनिजांचे स्फटिक यांचे तप्त लोट दऱ्यांमधून वाहत जाऊन साचतात. हा ढीग स्वतःच्या वजनाने दाबला जाऊन आणि कणांच्या परस्परांना चिकटण्याने घट्ट झाला, की त्याचा ‘टफ’ नावाचा खडक बनतो. महाराष्ट्रातली लेणी ज्या काळ्या बेसाल्टमध्ये कोरली गेली, तो थंड झालेल्या लाव्ह्याचा खडक आहे आणि त्याला लोखंडी छिन्नी लागते. टफ त्या मानाने मऊ, हलका आणि सच्छिद्र असतो. लोखंड ठाऊक नसलेल्या समाजाला कठीण दगडाच्या अवजारांनी तो खरवडता येतो, आणि तरीही तो इतका एकसंध असतो की खाली मोकळी जागा केली तरी वरचे छत तोलून धरतो. खोदता येण्याइतका मऊ आणि उभा राहण्याइतका घट्ट, असे दोन्ही गुण एकाच खडकात सहसा सापडत नाहीत. तिएरादेंत्रोच्या लोकांनी तो हेरला, हे त्यांच्या भूविज्ञानाच्या जाणकारीचे लक्षण मानायला माझी हरकत नाही.

जागेची निवडही अशीच विचारपूर्वक केलेली दिसते. थडगी दरीच्या तळाशी नाहीत, तर माथ्यांवर आणि सोंडांच्या कण्यावर आहेत. माथ्यावर पडलेले पाणी दोन्ही बाजूंना निघून जाते, भूजलाची पातळी खोल राहते आणि वरून माती किंवा दगड कोसळून येण्याचा प्रश्न उरत नाही. मृतांना उंचावर ठेवण्यामागे श्रद्धाही असेलच. परंतु पाच-सहा मीटर खोल दालन पावसाळी प्रदेशात शतकानुशतके कोरडे राहावे यासाठी त्याहून चांगली जागा निवडता आली नसती.

सेगोव्हिया हा माथा वस्तीपासून सर्वांत सोयीचा आहे आणि तिथली थडगी सर्वांत चांगल्या स्थितीत आहेत. रक्षक झाकण उघडतो, तेव्हा खाली अंधारात वळत गेलेला जिना दिसतो. काही जिने गोल फिरत उतरतात, काही सरळ आहेत, काही नागमोडी. पायऱ्या आपल्या सवयीच्या पायऱ्यांहून बऱ्याच उंच आहेत, त्यामुळे भिंतीला हात टेकून, एकेक पाय जपून टाकत उतरावे लागते. तळाशी एका अरुंद तोंडातून वाकून आत गेले की दालन उघडते. त्याचा आराखडा साधारण लंबगोल असतो. भिंतीत ओळीने कोनाडे खोदलेले असतात, दोन कोनाड्यांच्या मधला खडक खांबासारखा सोडलेला असतो, आणि मोठ्या दालनांत छताला आधार म्हणून मध्येही मोकळे खांब ठेवलेले असतात. बॅटरीचा झोत तिरपा धरला, की खांबाच्या वरच्या भागात कोरलेला माणसाचा चेहरा सावल्यांनिशी उठून येतो: पानाच्या आकाराचा किंवा चौकोनी चेहरा, सरळ नाक, आणि रंगाच्या रेषांनी दाखवलेले डोळे व तोंड. समोरून उजेड टाकला तर हाच चेहरा सपाट होऊन भिंतीत विरून जातो.

भिंती आणि छत यांवर आधी पांढरा लेप दिलेला आहे आणि त्यावर लाल व काळ्या रंगात चौकटी, समांतर रेषा आणि एकात एक बसवलेले समभुज चौकोन रंगवलेले आहेत. लाल रंग सामान्यतः लोहाच्या ऑक्साईडपासून मिळतो. तो उजेडाने विटत नाही आणि रासायनिकदृष्ट्या स्थिर असतो. चित्रे नष्ट होतात ती रंग उडाल्यामुळे नव्हे, तर रंगाखालचा पांढरा थर खडकापासून सुटल्यामुळे. काही छते दोन्ही बाजूंना उतरत गेलेली आहेत. लाकडी वासे आणि गवती छप्पर यांची घरे राहत्या माणसांसाठी बांधली जात असत आणि त्यांच्याच आतल्या रचनेची, खांब, छप्पर आणि सजावटीसह, ही खडकातली प्रतिकृती आहे, असे अभ्यासकांचे मत आहे. मला ते पटण्यासारखे वाटते, कारण यांतल्या अनेक खांबांना छत पेलण्याचे काम मुळीच नाही. ते तिथे आहेत, कारण घरात खांब असतात. वरची लाकडाची घरे केव्हाच कुजून गेली, आणि ती आतून कशी दिसत असतील याचा सर्वांत चांगला पुरावा मृतांच्या घरांतच शिल्लक राहिला.

इतके मोठे दालन एका माणसासाठी नव्हते. तिएरादेंत्रोमध्ये दफन दोन टप्प्यांत होत असे. मृत्यूनंतर देह आधी एका साध्या, उभ्या खड्ड्याच्या तळाशी कडेला कोरलेल्या लहान खोलीत ठेवला जाई. त्याच्यासोबत भांडी आणि रोजच्या वापराच्या वस्तू असत. कालांतराने मांस गळून गेल्यावर ते दफन पुन्हा उघडून अस्थी बाहेर काढल्या जात, आणि मग त्या कलशांत घालून किंवा जमिनीतल्या उथळ खळग्यांत ठेवून मोठ्या, सामायिक दालनात नेल्या जात. पुरातत्त्वात याला दुय्यम दफन म्हणतात. असे दालन एकदा खोदून कायमचे बंद करण्याची वास्तू नसते. कुटुंबाच्या किंवा कुळाच्या पुढच्या पिढ्यांना तिथे परत यायचे असते. पक्का जिना, हिंडता येईल इतकी उंची आणि एकामागून एक कोनाडे या सगळ्याची गरज त्यातून उलगडते.

या कामाला किती श्रम लागले असतील, याचा साधा हिशेब मांडता येतो. 6 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच असे एक मध्यम लंबगोल दालन धरले, तर त्यातून सुमारे 38 घनमीटर खडक काढावा लागेल. टफची घनता पाण्याच्या पावणेदोन पट धरली, तर हे वजन 65 टनांच्या आसपास भरते. एका खेपेला 25 किलो वर नेले, तर त्या उंच पायऱ्यांवरून अडीच हजारांहून अधिक खेपा होतात, आणि यात जिन्याच्या जागेतला खडक धरलेलाच नाही. खोदणाऱ्यांना व वाहणाऱ्यांना या काळात कोणीतरी जेवू घालत होते, आणि छताची जाडी व खांबांच्या जागा आधी ठरवून काम करून घेणारे जाणकारही त्यांच्यात होते. 6व्या ते 10व्या शतकातल्या त्या शेतकरी समाजात कामाची विभागणी आणि मानाच्या पायऱ्या होत्या, असे पुरातत्त्वज्ञ म्हणतात, त्यामागे असा भक्कम आधार आहे.

परिसरात, विशेषतः एल ताब्लोन इथे, दगडी मानवी पुतळेही आहेत आणि त्यांची शैली दक्षिणेकडच्या सान आगुस्तिनच्या प्रसिद्ध पुतळ्यांशी जुळते. सोन्याच्या मोजक्या वस्तूही या मुलखात सापडल्या असून त्या बोगोताच्या सुवर्ण संग्रहालयात आहेत. मात्र सोन्याच्या आशेनेच इथल्या थडग्यांचा सर्वांत मोठा नाश झाला. शास्त्रीय उत्खनन 1930 च्या दशकात सुरू झाले, तोपर्यंत खजिना शोधणाऱ्यांनी कित्येक दालने फोडली होती, कलश फेकून दिले होते आणि अस्थी विस्कटल्या होत्या. भिंतीवरची चित्रे त्यांना नेता आली नाहीत म्हणून वाचली. पण कोणती अस्थी कोणत्या कलशात आणि कोणत्या कोनाड्यात होती, ही माहिती एकदा गेली की कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही. कोळशाच्या कणावरून कार्बन-14 पद्धतीने काळ ठरवायचा, तरी तो कोळसा नेमका कुठल्या थरातला होता हे ठाऊक असावे लागते.

आता लुटारूंपेक्षा ओल हा मोठा शत्रू आहे. जमिनीत पाच-सहा मीटर खोलीवर दिवस-रात्रीचा फरक पोहोचत नाही आणि तापमान वर्षाच्या सरासरीजवळ स्थिर राहते. बंद दालनात हवेतली आर्द्रता आणि खडकातली ओल यांचा तोल शतकांमध्ये साधला गेला होता. झाकण उघडले की बाहेरची उबदार, दमट हवा आत शिरते आणि थंड भिंतीवर तिचे दव बनते; आत आलेल्या माणसांचा श्वास त्यात भर घालतो. टफ सच्छिद्र असल्याने ते पाणी शोषले जाते, विरघळलेले क्षार घेऊन पुन्हा पृष्ठभागाकडे येते आणि पाणी उडून गेल्यावर क्षारांचे स्फटिक नेमके रंगाच्या थराखाली वाढतात. त्या दाबाने पांढऱ्या लेपाचे पोपडे निघतात. उजेड पोहोचतो तिथे हिरवे शेवाळ धरते, आणि वरच्या झाडांची मुळे बारीक भेगांतून छतात उतरतात. म्हणून पाहण्यासाठी एका वेळी थोडेच लोक सोडावेत, झाकण उगाच उघडे ठेवू नये आणि भिंतीला हात लावू नये, हे नियम पाहुण्याला जाचक वाटले तरी त्यांच्यामागे सरळ भौतिकशास्त्र आहे.

ज्या ज्वालामुखींनी हा खडक दिला, त्यांचे काम अजून संपलेले नाही. मुलखाच्या उत्तरेला नेवादो देल वीला हा कोलंबियातला सर्वांत उंच जागृत ज्वालामुखी बर्फाची टोपी घालून उभा आहे. 6 जून 1994 रोजी त्याच्या पायथ्याजवळ 6.8 तीव्रतेचा भूकंप झाला. आधीच्या पावसाने तीव्र उतारांवरची माती भिजून जड झालेली होती. धक्क्याबरोबर हजारो ठिकाणी ती एकाच वेळी निसटली, ओढ्यांमध्ये उतरली आणि तिचा चिखल-दगडांचा प्रचंड लोंढा होऊन पाएस नदीच्या खोऱ्यातून गेला. सुमारे 1,100 माणसे दगावली. त्यांतले बहुसंख्य नासा या आदिवासी समाजाचे होते, ज्यांना पाएस असेही म्हणतात. त्यांच्या अनेक कुटुंबांना वाडवडिलांची जमीन सोडून दूर वसावे लागले. पुढे एप्रिल 2007 मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने बर्फ वितळून पुन्हा असा लोंढा आला, तेव्हा मात्र इशारा वेळेवर मिळाला, लोक उंचावर गेले आणि जीवितहानी टळली. इथे विज्ञानाचा उपयोग कुठल्याही थडग्याच्या अभ्यासापेक्षा मोठा ठरला, असे मला मनापासून वाटते.

नासा लोक आजही आपली स्वतंत्र भाषा बोलतात आणि सामूहिक मालकीच्या जमिनी कसतात. थडगी खोदणारे त्यांचेच थेट पूर्वज होते, असे पुरातत्त्वाने सिद्ध केलेले नाही. तरीही ही सारी थडगी त्यांच्या भूमीत आहेत आणि त्या माथ्यांशी त्यांचे स्वतःचे नाते आहे, म्हणून तिथे जाणाऱ्याने वस्तीतल्या माणसांच्या सूचना रक्षकाच्या सूचनांइतक्याच मानल्या पाहिजेत.

पाहण्याच्या क्रमाबद्दल एक सांगण्यासारखे आहे. तिथल्याच संग्रहालयातले कलश आधी पाहावेत, मग सेगोव्हिया, आणि पाय साथ देत असतील तर सर्वांत शेवटी आग्वाकातेची लांब, उघडी सोंड गाठावी. सेगोव्हियाची दालने स्वच्छ केलेली, आधार दिलेली आणि झाकलेली आहेत. आग्वाकातेवर सोंडेच्या कण्यावर ओळीने खोदलेली थडगी बरीचशी लुटारूंनी टाकली तशीच आहेत: काहींचे छत खाली बसले आहे, जिन्यांत माती भरली आहे आणि रंगाचे फक्त तुकडे उरले आहेत. सेगोव्हियात लाल-काळ्या चौकटी पूर्ण पाहिलेल्या असल्या, तरच इथल्या भिंतीवरचा हातभर लाल पट्टा कोणत्या आकृतीचा भाग होता हे ओळखता येते.