सिरॅमिक कोटिंग काढायचे म्हणजे नेमके काय काढायचे?

गाडीला सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगाच्या वर बसणारा पातळ पारदर्शक थर, करून वर्ष-दीड वर्ष झाले की मालकाच्या मनात एक शंका हमखास डोके वर काढते. पहिल्या पावसाळ्यात बोनेटवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहत आणि गाडी हलली की घरंगळून जात. आता तेच पाणी पसरट होऊन बसते आणि वाळताना पांढरे डाग मागे ठेवते. मालक समजतो की कोटिंग गेले. दुकानात विचारले, तर उत्तर तयार असते: जुने काढून टाकू, नवे मारून देऊ. हे ‘काढून टाकू’ इतक्या सहजपणे म्हटले जाते, की एखाद्या द्रावणात भिजवलेले कापड फिरवले की जुने कोटिंग निघून येईल, असा ग्राहकाचा समज होतो. प्रत्यक्षात कोटिंग काढताना जो थर खर्ची पडतो तो कोटिंगपेक्षा कितीतरी मोलाचा असतो, आणि तो पुन्हा भरून येत नाही.

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. सर्वांत खाली विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला गॅरेजमध्ये लॅकर असेही म्हणतात. या चारही थरांची मिळून जाडी १०० ते १३० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते आणि त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहून बारीक असतो. सिरॅमिक कोटिंग बसते ते या क्लिअर कोटच्या वर. त्याची जाडी बहुतेकदा एखादा मायक्रॉन, पुष्कळदा त्याहूनही कमी असते.

बाटलीत असते ते चिनी मातीच्या भांड्यांचे सिरॅमिक नव्हे. त्यात सिलिकॉनची द्रवरूप संयुगे असतात: काही उत्पादनांत अल्कॉक्सीसिलेन, काहींत पॉलिसिलाझेन. या रसायनाची मुळे बरीच जुनी आहेत. झाक-जोसेफ एबेलमेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८४० च्या दशकातच पाहिले होते, की सिलिकॉनचे असे एक संयुग दमट हवेत ठेवले की हळूहळू घट्ट होत काचेसारखे पारदर्शक बनते. भट्टी न पेटवता, नुसत्या हवेतल्या बाष्पावर काच तयार होत होती.

हे कसे घडते, ते थोडे सावकाश पाहण्यासारखे आहे. सिलिकॉनच्या अणूला चार हात असतात. अल्कॉक्सीसिलेनमध्ये यांतील बहुतेक हातांनी अल्कोहोलपासून आलेला एकेक गट धरलेला असतो. हवेतील पाण्याचा रेणू आला की तो गट अल्कोहोल होऊन उडून जातो आणि त्याच्या जागी हायड्रॉक्सिल गट बसतो. असे हायड्रॉक्सिल धारण करणारे दोन शेजारी एकत्र आले की त्यांच्यातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि दोन सिलिकॉनच्या मध्ये ऑक्सिजनचा पूल तयार होतो. गंमत अशी, की बाहेर पडलेले हे पाणी पुढच्या गटांना सोडवण्याच्या कामी येते. पॉलिसिलाझेनमध्ये मुळात पूल नायट्रोजनचा असतो. पाणी तो तोडते, नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने निघून जातो आणि त्याची जागा ऑक्सिजन घेतो. काही बाटल्या उघडताच नाकाला झोंबणारा वास येतो, तो याच अमोनियाचा.

मात्र चारही हात पुलांमध्ये गुंतले, तर हाती येईल ती साधी सिलिका, आणि स्वच्छ सिलिकेवर पाणी मुळीच थेंब धरत नाही. धुतलेल्या काचेवर पसरते तसे ते सपाट पसरते. म्हणून काही सिलिकॉन अणूंच्या एका हाताला मुद्दाम मिथाइल हा कार्बन-हायड्रोजनचा गट जोडलेला असतो. हा गट पाण्याशी अभिक्रिया करत नाही, हवेच्या बाजूला तोंड करून राहतो आणि पाण्याला जवळ येऊ देत नाही. म्हणजे ज्या टपोऱ्या थेंबांकडे बोट दाखवून ‘सिरॅमिक’ची जाहिरात होते, ते थेंब सिरॅमिक भागामुळे उभे राहत नाहीत, ते उभे राहतात या सेंद्रिय शेपट्यांमुळे. ऊन आणि तीव्र अल्कली यांची पहिली झळ बसते तीही त्यांनाच. त्यामुळे थेंब बिघडले तरी खालचे जाळे जागेवर असू शकते.

आता काढण्याचा प्रश्न. थिनर किंवा अल्कोहोल एखादा पदार्थ विरघळवते तेव्हा ते त्याचे रेणू एकमेकांपासून सुटे करते. सिलिकॉन-ऑक्सिजनच्या पुलांनी एकसंध झालेल्या जाळ्यात सुटे होण्याजोगे रेणूच उरलेले नसतात; भाजलेली वीट कितीही भिजवली तरी तिचा पुन्हा चिखल होत नाही, तसेच हे आहे. लावल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, जाळे पुरते विणले जाण्याआधी, कोटिंग पुसता येते, नंतर नाही. हे पूल तोडायचेच म्हटले तर तीव्र अल्कलीने ते शक्य आहे. हायड्रॉक्साइड आयन सिलिकॉनवर चाल करून जातो, सिलिकॉन क्षणभर पाच बंध सांभाळतो आणि मग ऑक्सिजनचा एक पूल सोडून देतो. पीएच नऊ-दहाच्या वर गेला की सिलिकेचे विरघळणे झपाट्याने वाढते ते यामुळेच. झटपट धुलाईच्या ठिकाणी वापरले जाणारे कडक अल्कधर्मी फोम कोटिंगचे आयुष्य हळूहळू खातात, त्यामागे हेच रसायन आहे. परंतु पूर्ण थर उतरवण्याइतकी तीव्र अल्कली वापरली तर खिडकीच्या पट्ट्या, ॲल्युमिनियमचे भाग आणि खुद्द क्लिअर कोट यांचीही धडगत राहणार नाही. सिलिका सहज खाणारे दुसरे रसायन म्हणजे हायड्रोफ्लोरिक आम्ल. ते कातडीतून हाडापर्यंत पोचून इजा करते, तेव्हा त्याचा विचारही करू नये.

उरतो एकच मार्ग: घासणे. दुकानात मशिनला पॅड लावून कंपाउंडने, म्हणजे घासण्याच्या पेस्टने, पॉलिश केले जाते, तेव्हा कंपाउंडमधील बारीक कण पृष्ठभाग खरवडत जातात. हे कण बहुतेकदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे कुरुंदाचे असतात आणि खनिजांचे काठिण्य एक ते दहा क्रमांकांनी सांगणाऱ्या मोहसच्या श्रेणीत कुरुंद नवव्या क्रमांकावर आहे. कोटिंगचे काठिण्य ‘९ एच’ असल्याचे जाहिरातींत सांगतात, त्याचा घोळ इथे उलगडतो. ‘९ एच’ हा आकडा मोहसच्या श्रेणीचा नसून शिसपेन्सिलींचा आहे. रंगकामाच्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या काठिण्याच्या पेन्सिली ४५ अंशांच्या कोनात, ठरावीक वजनाखाली पृष्ठभागावरून ढकलल्या जातात आणि कोणत्या पेन्सिलीपर्यंत चरा पडत नाही ते पाहिले जाते. ९ एच ही त्या संचातील सर्वांत कडक पेन्सिल. पण अखेर ती ग्रॅफाइट आणि चिकणमातीचीच. तिने चरा पडला नाही, एवढ्यावरून वाळूनेही पडणार नाही, असे ठरत नाही. आपल्याकडच्या काळ्या कातळाच्या धुळीतील फेल्डस्पारचे काठिण्य मोहसच्या श्रेणीत सहाच्या आसपास असते आणि वाळूतील क्वार्ट्झचे सात. सोसायटीत सकाळी एकच बादली आणि एकच फडके घेऊन दहा गाड्या पुसल्या जातात, तेव्हा त्या फडक्यात अडकलेली धूळ ‘९ एच’ला भीक घालत नाही. बोनेटवर लायटर पेटवून किंवा मार्करने लिहून ते पुसून दाखवणारे व्हिडिओही याच पंक्तीतले: मार्कर पुसला जातो तो पृष्ठभागाला शाई धरत नाही म्हणून, पृष्ठभाग कठीण आहे म्हणून नव्हे. आणि ग्राफीन या कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या थरावरील संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले असले, तरी नुसते ‘ग्राफीन’ हे नाव छापल्याने बाटलीतल्या द्रवाच्या अंगी त्याचे गुण येत नाहीत.

एक मायक्रॉनचा थर घासून काढताना कंपाउंडचे कण त्या थराच्या तळाशी येऊन थांबत नाहीत. कोटिंग सगळीकडून निघाले याची खात्री व्हावी म्हणून कारागीर थोडा पुढे जातो आणि ते ‘थोडे’ क्लिअर कोटमधून जाते. हलक्या पॉलिशमध्ये हे नुकसान एक मायक्रॉनच्या आत राहू शकते. जाड कंपाउंड आणि कडक पॅड वापरले तर काही मायक्रॉन सहज जातात. ३५-४० मायक्रॉनांतून दोन-तीन गेले तर काय बिघडले, असे वाटणे साहजिक आहे. पण क्लिअर कोटचे काम केवळ चमकण्याचे नसते. त्यात अतिनील किरण शोषणारी संयुगे मिसळलेली असतात आणि बीअर-लॅम्बर्ट नियमानुसार शोषण जाडीच्या सरळ प्रमाणात नव्हे, तर घातांकी पद्धतीने बदलते. समजा, ४० मायक्रॉनचा थर एका विशिष्ट तरंगलांबीचे केवळ १ टक्का किरण खाली जाऊ देतो. तोच थर ३० मायक्रॉनचा झाला की सुमारे ३.२ टक्के किरण खाली पोचतील आणि २० चा झाला की १० टक्के. जाडी निम्मी झाली, पण खालच्या रंगावरचा मारा दसपट झाला. जुन्या गाड्यांच्या टपावरचा आणि बोनेटवरचा लॅकर पापुद्र्यांनी सुटलेला दिसतो, त्याला ऊन तर कारण असतेच. वारंवार केलेले बफिंगही त्याला हातभार लावते.

म्हणून मशिन लावण्यापूर्वी रंगाची जाडी मोजणे आवश्यक आहे. लोखंडी पत्र्यावर चुंबकीय आणि ॲल्युमिनियमवर भोवरा-प्रवाहाच्या तत्त्वावर चालणारे हातात मावणारे उपकरण पत्र्यापासून पृष्ठभागापर्यंतची एकूण जाडी सांगते. ते थर वेगळे करून दाखवत नाही आणि त्याची अचूकताच दोन-तीन मायक्रॉनची असल्याने कोटिंग आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. पण एखाद्या दरवाजावर इतर ठिकाणच्या १२० ऐवजी ८५ चा आकडा आला तर तिथे आधीच बरेच घासले गेले आहे, आणि ५०० च्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे, असे समजायला हरकत नाही. पत्र्याच्या कडा आणि उठावदार रेघांवर मशिनचा दाब एकवटतो, त्यामुळे तिथला क्लिअर कोट सर्वांत आधी संपतो. जाणकार कारागीर या जागांवर कागदी टेप लावूनच कामाला सुरुवात करतात.

त्याही आधी विचारायचा प्रश्न असा, की कोटिंग खरोखर गेले आहे का? पुष्कळदा ते नुसते झाकले गेलेले असते. थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडल्याप्रमाणे थेंब आणि पृष्ठभाग यांच्यातील स्पर्शकोन हा पृष्ठताणांच्या समतोलावर ठरतो. चांगल्या कोटिंगवर तो १०० अंशांच्या पुढे असतो. पण थेंब घरंगळतो की नाही, हे केवळ या कोनावर ठरत नाही. उतारावरच्या थेंबाची पुढची कड आणि मागची कड यांचे कोन वेगवेगळे असतात. त्यांतील फरक जितका जास्त, तितका थेंब चिकटून बसतो. डिझेलच्या धुराची काजळी, ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण आणि बोअरच्या पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पृष्ठभागावर साचले की मागची कड ठिकठिकाणी अडकते. थेंब धरणाऱ्या पृष्ठभागावर क्षारांचे डाग अधिक उठून दिसतात, कारण पसरलेल्या पाण्यातील क्षार सर्वत्र विरळ बसले असते, ते इथे थेंबाथेंबाच्या जागी एकवटतात. भर उन्हात बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन ती तशीच वाळू देणे कोटिंगला जितके जड जाते, तितका सबंध पावसाळा जात नाही.

याची परीक्षा सोपी आहे. एखादा भाग निवडून आधी नेहमीच्या शाम्पूने, मग क्षार विरघळवणाऱ्या सौम्य आम्लधर्मी शाम्पूने धुवावा. त्यानंतर लोखंडाचे कण काढणारे द्रावण फवारावे. त्यातील थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावून जांभळे ओघळ दाखवते, आणि केस कुरळे करण्याच्या द्रवातही हेच रसायन असल्याने त्याचा उग्र वास ब्यूटी पार्लरची आठवण करून देतो. शेवटी डांबराचे ठिपके काढून भाग स्वच्छ पाण्याने धुतल्यावर थेंब परत उभे राहिले, तर कोटिंग शाबूत आहे. थेंब कमजोर वाटले, तरी पृष्ठभागावर डाग वा ओरखडे नसतील, तर त्याच प्रकारच्या कोटिंगसाठी बनवलेला वरचा पातळ थर देऊन काम भागते. मशिन लावायचे ते क्षारांनी पृष्ठभागात खड्डे पाडले असतील, जाळीसारखे चरे उन्हात डोळ्यांना खुपत असतील, किंवा मुळात लावतानाच कोटिंगचे जाड डाग राहून गेले असतील तर. तेव्हाही सुरुवात सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत बारीक पॉलिशने, वीतभर जागेवर करावी आणि काम भागत नाही असे दिसले, तरच पुढची पायरी गाठावी.

नवे कोटिंग जुन्याच्या वर थेट का मारत नाहीत, याचे उत्तरही पृष्ठताणातच आहे. पाण्याला दूर ठेवणारा पृष्ठभाग नव्या द्रवालाही नीट पसरू देत नाही. पॉलिश झाल्यावर पृष्ठभागावर पॉलिशमधील तेले राहतात; ती चरे भरून काढून सफाईचा आभास निर्माण करतात आणि कोटिंगला पकडही घेऊ देत नाहीत, म्हणून पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसावी लागतात. त्यानंतर दोन फूट लांब-रुंद भाग घेऊन द्रव लावायचा, त्यावर इंद्रधनुषी झाक उमटली की मायक्रोफायबर कापडाने सारखा करायचा आणि मगच पुढे सरकायचे. कोकणातल्या जुलैमध्ये बाष्प भरपूर असल्याने ही झाक भराभर येते आणि पुसायला उशीर झाला तर डाग पक्का होतो. मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर द्रावकच आधी उडून जातो. दोन्ही वेळी काम सावलीत, गार पत्र्यावर आणि लहान भाग घेऊन करावे.

लावल्यानंतर पहिला दिवसभर पाणी लागू द्यायचे नसते आणि जाळे पूर्ण विणले जायला साधारण आठवडा जातो. दसऱ्याच्या तोंडावर कोटिंगच्या दुकानांत रांगा लागतात त्या याच वेळापत्रकाच्या मुळावर येतात: आदल्या दिवशी ताब्यात घेतलेल्या गाडीच्या बोनेटवर दुसऱ्या दिवशी ओल्या कुंकवाचे स्वस्तिक निघते, टायरखाली ठेवलेल्या लिंबाचा रस उडतो आणि पुढच्या बंपरला टांगलेले लिंबू-मिरचीही कुठली दृष्ट न अडवता आपले आम्ल तेवढे ठिबकत ठेवतात. पूजा करायचीच असेल, तर कोटिंग घटस्थापनेच्या आधी करून घ्यावे. नवरात्राचे नऊ दिवस त्या जाळ्याला पुरतात. कुंकूही त्याच संध्याकाळी ओल्या कापडाने उतरवावे.